दाबून लागणारी कुलपं आणि पत्र्याची पट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे, अडगळीची. एका वर्षी दिवाळीच्या साफसफाईला ती उघडली तेव्हा आजीचे तांब्याचे दोन हंडे आणि पितळी घंगाळ जागेवर नव्हतं. कुलूप मात्र नीट लागलेलं होतं. त्यावर ओरखडा नाही, कोयंडा जागच्या जागी. किल्ल्या दोनच होत्या. एक आईकडे, दुसरी वरकामाला येणाऱ्या मावशींकडे. मावशींना तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण किल्ली परत मागितली गेली. महिना संपला तसं त्यांनी काम सोडलं.

दीड वर्षांनी एका चावीवाल्याने तेच कुलूप माझ्या डोळ्यांदेखत, किल्लीला हात न लावता, चहा निवायच्या आत उघडलं आणि पुन्हा दाबून लावलं. त्या संध्याकाळी मी मावशींच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यानंतर मी कुलपं आणून, कापून, आत काय आहे ते बघायला लागले. नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, हॉस्टेलला जाणारी मुलं मला जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

दाबून लागणारं कुलूप आतून कसं असतं?

वर जो वाकवलेला गज दिसतो त्याला मी दांडा म्हणते. त्याचा एक पाय लांब असतो, तो कुलपातच राहतो. दुसरा आखूड, तो उघडल्यावर बाहेर येतो. आखूड पायाच्या आतल्या बाजूला एक खाच असते. कुलपाच्या पोटात एक छोटा धातूचा तुकडा असतो, म्हणजे खटका. त्याच्या मागे स्प्रिंग असते आणि त्याचं तोंड वरच्या बाजूने उतरतं घासलेलं असतं. आपण दांडा खाली दाबतो तेव्हा त्याचं टोक खटक्याच्या उतारावर येतं, खटक्याला मागे ढकलतं आणि पुढे सरकतं. खाच समोर आली की स्प्रिंग खटक्याला पुढे फेकते. ‘टक्’ असा आवाज येतो तो तेव्हाच.

किल्लीचं काम एवढंच, की या खटक्याला मागे ओढायचं.

ही कल्पना फार जुनी आहे. रोमन आणि व्हायकिंग काळातली जी कुलपं उत्खननात सापडली, त्यांत बाणाच्या काट्यांसारख्या फाकणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या असत. आत ढकलल्या की त्या फाकत आणि अडकत. किल्ली सरकवून त्या दाबल्या की कुलूप सुटे. चीनमध्ये आणि आपल्याकडेही याच जातीची कुलपं होती. किल्ली न फिरवता कुलूप लावता यावं ही सोय माणसाला शेकडो वर्षांपासून हवी आहे.

मग ते किल्लीशिवाय उघडतं कसं?

वरचं वर्णन पुन्हा एकदा वाचा. खटका किल्लीनेही मागे जातो आणि दांड्यानेही. म्हणजे त्याला मागे कोण ढकलतंय हे त्याला कळत नाही. दांडा आणि कुलपाचं अंग यांच्यामध्ये थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर दांडा आत-बाहेर होणार नाही. त्या फटीतून पातळ पण चिवट पत्र्याची पट्टी खाली गेली, खाचेशी पोचली आणि दांडा व खटका यांच्यामध्ये शिरली, तर खटका मागे सरतो आणि दांडा मोकळा होतो. इंग्रजीत या पट्टीला शिम म्हणतात. आपल्याकडचे चावीवाले नुसतं ‘पट्टी’ किंवा ‘पत्रा’ म्हणतात.

पट्टी कशी कापायची आणि कशी वळवायची हे मी इथे लिहिणार नाही. कुलूप निवडायला त्याची गरजही नाही. या कुलपात एकही भाग तुटत नाही, वाकत नाही, एवढं ध्यानात ठेवा. कुलूप जसं चालायला हवं तसंच चालतं, फक्त किल्लीऐवजी भलताच कुणी खटका मागे ढकलतो.

माझ्या कुलपात सात लिव्हर आहेत. किल्लीवर खड्डे-खड्डेही आहेत. तरीही?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि फसगतही इथेच होते.

लिव्हर, पिना, चकत्या या सगळ्या किल्लीच्या वाटेवरच्या पहारेकरी. चुकीची किल्ली फिरू नये हे त्यांचं काम. सात लिव्हर म्हणजे त्या वाटेवर सात जण उभे. पण पत्रा किल्लीच्या भोकातून येतच नाही. तो वरून, दांड्याच्या कडेने येतो. तिथे पहारेकरी नाही, नुसती स्प्रिंग आहे. तेव्हा कुलपाकडे बघताना दोन वेगळे प्रश्न विचारायचे. पहिला, किल्ली किती अवघड आहे? दुसरा, दांड्याला धरून काय ठेवलंय? खोक्यावर पहिल्याचं उत्तर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा नसतंच.

अंगाचंही तसंच. जाड पितळ, एकावर एक पोलादी थर रिव्हेटने जोडलेलं अंग, रबरी आवरण, यातलं काहीही खटक्याची जागा घेत नाही. थर जोडून कुलूप करायची युक्ती अमेरिकेत हॅरी सोरेफ यांची. 1921 साली त्यांनी मिलवॉकीत मास्टर लॉक ही कंपनी काढली. हातोड्यापुढे आणि कानशीपुढे ते अंग खरोखर भक्कम ठरलं. पण भिंत भक्कम झाली म्हणून दाराची कडी भक्कम होत नाही.

उघडल्याची काही खूण राहते का?

सहसा नाही. फार तर दांड्याच्या पायावर उभे बारीक चरे पडतात, तेही भिंग घेऊन बघितले तर. वापरातल्या कुलपावर तसे चरे नेहमीचेच असतात. शिवाय ज्याने उघडलं तो जाताना दांडा दाबून कुलूप पुन्हा लावू शकतो, कारण लावायला किल्ली लागतच नाही. आमच्या गच्चीवर हेच झालं असणार. चोरी कधी झाली हेसुद्धा आम्हाला कळलं नाही. दिवाळीला कळलं.

याचे दोन परिणाम होतात, आणि दोन्ही वाईट.

एक, संशय किल्ली असलेल्या माणसावर जातो. कामवाल्या मावशी, वॉचमन, भाडेकरू, धाकटा दीर, दुकानातला पोऱ्या. कुलूप फुटलेलं नाही, म्हणजे किल्लीनेच उघडलं, म्हणजे किल्ली ज्याच्याकडे त्यानेच. हा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो आणि तो साफ चूक आहे. खटक्याच्या कुलपाबाबतीत ‘फुटलेलं नाही’ यावरून काहीही सिद्ध होत नाही. घरात अशी चोरी झाली तर आधी ते कुलूप कुठल्या जातीचं आहे ते बघा, मग माणसांकडे बघा. या पानावरची एकच गोष्ट कुणी लक्षात ठेवणार असेल तर ती ही असावी.

दुसरा परिणाम विम्याचा. दुकानासाठी घरफोडीचा विमा काढला असेल तर पॉलिसीतली व्याख्या नीट वाचा. अनेक पॉलिसींत ‘बळजबरीने, हिंसक मार्गाने’ प्रवेश झालेला असावा अशी अट असते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली हेच सांगितलं, की पॉलिसीत तशी अट असेल तर बळाच्या वापराशिवाय झालेली चोरी त्या पॉलिसीत बसत नाही. कुलूप शाबूत, कोयंडा शाबूत, तर बळ वापरलं हे दाखवायचं कशावरून? साध्या चोरीचंही संरक्षण हवं असेल तर ते पॉलिसीत आहे का, हे काढतानाच विचारून घ्या.

मग कुठल्या रचनेची कुलपं या पट्टीला दाद देत नाहीत?

सगळ्यांत भरवशाची रचना छर्ऱ्यांची, म्हणजे बॉल बेअरिंगची. सायकलच्या चाकात असतात तसे, पण मोठे, कडक पोलादाचे दोन छर्रे कुलपात असतात, दांड्याच्या एकेका पायाला एकेक. दांड्यावर उतरत्या खाचेऐवजी गोल खळगी असते आणि छर्रा त्या खळगीत बसतो. दोन छर्ऱ्यांच्या मध्ये एक भरीव पोलादी तुकडा असतो, तो किल्लीबरोबर फिरतो. कुलूप लागलेलं असताना त्या तुकड्याची रुंद बाजू दोन्ही छर्ऱ्यांना मागून टेकलेली असते. किल्ली फिरवली की त्याची खोलगट बाजू समोर येते, छर्ऱ्यांना मागे सरकायला जागा मिळते आणि दांडा सुटतो.

आता पत्रा आत घातला असं समजा. तो छर्ऱ्यापर्यंत पोचेलही. पण छर्ऱ्यामागे स्प्रिंग नाही, घट्ट पोलाद आहे. ढकलायचं कशाला? पट्टी वाकते किंवा अडकून बसते. शिवाय गोळा गोल असल्यामुळे दांडा वर ओढला की छर्रा मधल्या तुकड्यावर आणखी दाबला जातो. दोन्ही पाय धरलेले असल्याने दांडा पहारीने उचकटणंही कठीण होतं.

दुसरी रचना म्हणजे ज्यात दांडा धरणारी पट्टी किंवा बोल्ट किल्लीच्या फेऱ्यानेच पुढे जातो आणि किल्लीच्याच फेऱ्याने मागे येतो. लिव्हरच्या काही कुलपांत हे असतं. दुकानाच्या शटरला लावतात त्या जाड, बैठ्या कुलपांत तर सरळ एक गोल बोल्ट किल्लीने आडवा सरकतो. अशी कुलपं दाबून लागत नाहीत. लावायला किल्ली लागते हाच त्यांचा गुण.

तिसरी गोष्ट रचना नाही, सुधारणा आहे. काही कारखाने खटका तसाच ठेवतात, पण दांड्याच्या भोवती आत एक कडं किंवा पायरी करतात, जेणेकरून पट्टी खटक्यापर्यंत सरळ जाऊ नये. यानेही फरक पडतो. तरी मागे स्प्रिंग आहे ती आहेच. पैसे खर्चच करायचे तर मी छर्ऱ्यांवर करते.

दोन्ही पायांना खटका असेल तर? खोक्यावर ‘डबल लॉकिंग’ लिहिलंय.

‘डबल लॉकिंग’चा अर्थ दांडा दोन्ही बाजूंनी धरलेला आहे. उचकटायला ते जड जातं, हे खरं. पण दोन्हीकडे स्प्रिंगचेच खटके असतील तर एका पट्टीऐवजी दोन लागतील, इतकाच फरक. हा शब्द बघून थांबू नका. दोन्हीकडे काय आहे ते बघा.

दुकानात उभ्या-उभ्या ओळखायचं कसं?

कुलूप खोक्यातून बाहेर काढून मागा. चांगला दुकानदार काढून देतो.

आधी किल्ली न घालता उघडा दांडा दाबून बघा. लागलं, तर बहुधा आत स्प्रिंगचा खटका आहे. किल्ली घालून फिरवल्याशिवाय लागतच नसेल तर आशा आहे.

मग कुलूप उघडून दांड्याच्या पायावरची खाच बघा. एका बाजूला सपाट कापलेली, चौकोनी किंवा त्रिकोणी खाच म्हणजे खटका. दोन्ही पायांवर गोल, वाटीसारखी खळगी म्हणजे छर्रे. ही खूण मला आजवर सगळ्यांत उपयोगी पडली आहे आणि ती बघायला काहीही अवजार लागत नाही.

तरी शंका असेल तर किल्ली काढून घेतलेल्या उघड्या कुलपात, आखूड पायाच्या भोकात आगपेटीची काडी घाला आणि आतला तुकडा बाजूला ढकला. मऊपणे मागे गेला आणि सोडल्यावर परत आला, तर ती स्प्रिंग. छर्ऱ्याच्या कुलपात मात्र उघड्या स्थितीत छर्रे मोकळेच असतात, तेही हलतील. तिथे दांडा बाहेर असतानाच किल्ली बंद बाजूला फिरते का बघा. फिरली तर छर्रे पुढे येतात आणि मग काडीने तसूभरही हलत नाहीत.

कुलूप उघडं असताना किल्ली निघत नाही. ते चांगलं की वाईट?

बऱ्याच जणांना तो दोष वाटतो आणि ते बदलून मागायला जातात. तो दोष नाही. लावल्याशिवाय किल्ली निघू नये अशी ती मुद्दाम केलेली सोय आहे. त्यामुळे दुकानदार शटर ओढून, कुलूप अर्धवट लटकत ठेवून घरी जात नाही. किल्ली खिशात आली म्हणजे कुलूप लागलं, याची खात्री राहते. घाईत किल्ली आत ठेवून कुलूप दाबून टाकण्याचा प्रकारही होत नाही.

पण किल्ली अडकून राहणं आणि पत्र्याला दाद न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वेळा त्या एकत्र दिसतात, नेहमीच नाही. उलट काही छर्ऱ्यांची कुलपं दाबूनही लागतात, कारण दांडा उघडा असेपर्यंत मधला तुकडा उघड्या स्थितीत अडवून धरण्याची सोय त्यांत केलेली असते. शेवटी खळगीच बघायची.

आकडे जुळवायची कुलपं? बॅगेची छोटी कुलपं?

आकड्यांच्या स्वस्त कुलपांतही खटका असतो. तीन आकडे असोत की चार, वरून आलेल्या पट्टीला आकड्यांशी देणंघेणं नाही. शिवाय तीन चाकांचे एकूण 1000 च आकडे होतात, बसून सगळे फिरवून बघता येतात.

बॅगेच्या छोट्या कुलपाकडून मी फक्त एवढीच अपेक्षा ठेवते की चेन आपोआप उघडू नये आणि येता-जाता कुणाचा हात आत जाऊ नये. अमेरिकेला जाणारे लोक लाल चौकटीचं किंवा ‘टीएसए’ लिहिलेलं कुलूप घेतात. तिथले विमानतळ कर्मचारी आपल्या मास्टर किल्लीने ते उघडू शकतात, म्हणून ते कापावं लागत नाही. त्या मास्टर किल्ल्यांचा फोटो 2014 साली एका वर्तमानपत्रात छापून आला. पुढच्या वर्षी त्यावरून लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या काढल्या. मौल्यवान वस्तू हातातल्या बॅगेत ठेवा.

रेल्वेत खालच्या बर्थखाली सामान साखळीने बांधतो तेव्हा मात्र कुलपाला खरं काम असतं, कारण रात्रभर आपण झोपलेलो असतो. तिथे छोटं का होईना, पण किल्लीने लागणारं कुलूप वापरा.

हातोडीने ठोकून कुलूप उघडतं असं ऐकलंय, ते खरं का?

काही खटक्यांच्या कुलपांबाबत खरं. कुलपाला बाजूने झटका बसला की अंग हलतं, पण आतला खटका क्षणभर जागीच राहू पाहतो आणि स्प्रिंग दबते. त्याच क्षणी दांड्यावर ताण असेल तर तो सुटू शकतो. बसमध्ये ब्रेक लागल्यावर आपण पुढे जातो, तेच हे. छर्ऱ्यांच्या मागे दबणारं काहीच नसल्याने हाही धोका टळतो.

नाव सांगा. कुठलं कुलूप घ्यायचं?

एकाच कंपनीची खटक्याची आणि छर्ऱ्यांची अशी दोन्ही कुलपं असतात, म्हणून नुसतं नाव सांगून भागत नाही. आपल्याकडे कुलूप म्हटलं की गोदरेज आठवतं. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत कुलपं करायला सुरुवात केली आणि आजही आपल्या आजोबांच्या कपाटाला बहुधा तेच असतं. उत्तर प्रदेशातलं अलीगढ आणि तमिळनाडूतलं दिंडीगल ही कुलपांची गावं. दिंडीगलच्या कुलपाला 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बाहेरच्या देशांत जर्मनीची आबुस, फिनलंडची आबलॉय ही नावं मोठी. आबलॉयच्या किल्लीच्या यंत्रणेत पिनांऐवजी फिरणाऱ्या चकत्या असतात, त्यांना स्प्रिंगा लागत नाहीत.

युरोपात कुलपांसाठी ईएन 12320 हे प्रमाण आहे. त्यात सुरक्षिततेच्या 1 ते 6 अशा श्रेणी आहेत. खोक्यावर तो आकडा असेल तर तुलना सोपी होते. भारतीय प्रमाण आयएस 275. मी स्वतः मात्र नाव आणि आकडा बघून झाल्यावरही दांड्याची खाच बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

कुलूप चांगलं घेतलं. झालं?

कोयंडा बघा! मी पाहिलेल्या निम्म्या दारांवर कोयंड्याचे स्क्रू कुलूप लावल्यावरही बाहेरून दिसतात. पेचकस असलेल्या माणसाला कुलपाला हात लावायचीसुद्धा गरज नाही. कोयंड्याची घडी मिटल्यावर स्क्रू झाकले गेले पाहिजेत, आणि लाकडी दाराला शक्य असेल तर स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घालून आतून नट आवळलेले असावेत.

कोयंड्याच्या भोकापेक्षा दांडा फार बारीक नको. जितकी मोकळी जागा, तितकी पहार घालायला सोय. दांडा शक्य तितका आखूड घ्या. दांड्यावर ‘हार्डन्ड’ असं कोरलेलं असेल तर कानस आणि छोटे कटर चालत नाहीत. मोठ्या कटरपुढे किंवा ग्राइंडरपुढे कुठलंच साधं कुलूप फार टिकत नाही. पण ग्राइंडरचा आवाज आख्खी वाडी ऐकते आणि मागे कापलेला दांडा राहतो. आवाज होणं आणि खूण राहणं, दोन्ही आपल्या बाजूचं आहे.

गणपतीला गावी जातो तेव्हा मुंबईचं घर दहा दिवस बंद असतं. आणि गावचं घर उरलेलं वर्षभर. दोन्हीकडे काय लावू?

मुंबईच्या दाराला आतलं लॉक असेलच, बाहेरून छर्ऱ्यांचं कुलूप लावा. गावच्या घराचा प्रश्न वेगळा आहे. कोकणातला पाऊस आणि खारी हवा चांगल्या कुलपाचंही पाणी जोखते. छर्ऱ्यांचं कुलूप गंजलं तर छर्रे खळगीत चिकटतात आणि आपल्यालाच आत जाता येत नाही. म्हणून पितळी अंग आणि स्टेनलेस स्टीलचा दांडा बघा. तळाला पाणी निथळायला भोक आहे का बघा आणि कुलूप त्या भोकाची बाजू खाली राहील असंच लटकू द्या. वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा प्लास्टिकची टोपी बांधली तर पाऊस थेट आत जात नाही. मात्र गच्च गुंडाळू नका, आत दमट कोंडतं.

पावसाळ्याआधी आणि नंतर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब दांड्याच्या भोकांत सोडा. किल्लीच्या भोकात पेन्सिलीच्या शिशाची पूड चालते, पण तेल आणि पूड एकाच ठिकाणी नको, त्याचा चिखल होतो. खोबरेल तेल घालू नका. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच घातलं गेलं आणि थंडीत ते थिजून, धूळ धरून कुलपं बसली.

दाराचं लॅचसुद्धा असंच उघडतं का?

तत्त्व तेच. वाऱ्याने दार धाडकन लागतं आणि आपण दुधाची पिशवी हातात घेऊन बाहेर अडकतो, तेव्हा चावीवाला फटीतून प्लास्टिकचा पातळ कागद सरकवून दार उघडतो. उतरत्या तोंडाचा खटका, मागे स्प्रिंग. यावरचा उपाय फुकट आहे. बाहेर जाताना नुसतं दार ओढून न घेता किल्लीने फेरा द्या. बहुतेक लॉकमध्ये त्यामुळे चौकोनी बोल्ट बाहेर येतो किंवा खटका जागीच अडतो. आई रोज दोन फेरे देते, आणि मी लहानपणी त्यावरून तिच्याशी वाद घालायचे.

हे सगळं उघड लिहिणं म्हणजे चोरांना शिकवणं नाही का?

हा वाद दीडशेहून अधिक वर्षं चालू आहे. 1851 साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने चब या इंग्लिश कंपनीचं नावाजलेलं डिटेक्टर कुलूप (कुणी छेडलं तर मालकाला कळावं असं) सुमारे 25 मिनिटांत उघडलं. मग ब्रामा या लंडनच्या कुलूपवाल्यांचं कुलूप हातात घेतलं. ते उघडणाऱ्याला 200 गिनींचं बक्षीस लावून वर्षानुवर्षं पिकाडिलीच्या दुकानाच्या खिडकीत मांडलेलं होतं. हॉब्जला त्यासाठी 16 दिवसांत मिळून 51 तास लागले, पण उघडलं. तेव्हाही लोक चिडले, की हे जाहीर कशाला करायचं? हॉब्जच्या बाजूचं म्हणणं असं होतं, की चोरांना हे आधीच ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते सज्जनांना. त्यानंतर कारखानदारांनी आपली कुलपं सुधारली.

मला हे पटतं, आणि केवळ इतिहास म्हणून नाही. आमच्या गच्चीवर आलेल्या माणसाला पट्टी माहीत होती. आम्हाला माहीत नव्हती, आणि त्याची किंमत मावशींनी मोजली.

स्वतःच्या कुलपावर करून बघितलं तर?

स्वतःचं, कुठेही न लावलेलं, हातातलं कुलूप तपासायला हरकत नाही. पण त्यासाठी वर सांगितलेली काडीची परीक्षा पुरते. पत्र्याची धार बोट कापते आणि मोडलेला तुकडा आत राहिला की कुलूप कायमचं जातं. दुसऱ्याच्या घराचं कुलूप उघडून आत शिरणं हे कायद्याने गृहभेदन आहे, मग काही मोडलेलं असो वा नसो. भारतीय दंड संहितेच्या कलम 445 मध्ये ते होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 330 मध्ये आहे. किल्ली हरवली असेल तर चावीवाल्याला बोलवा आणि शेजारच्या एखाद्या माणसालाही उभं करा.

घरात खटक्याची आठ-दहा कुलपं आहेत. फेकून द्यायची?

मुळीच नको. जिथे चोरी होण्यासारखं काही नाही, फक्त लहान मुलांचा हात पोचू नये किंवा झाकण वाऱ्याने उडू नये एवढंच हवं, तिथे ती उत्तम. औषधांचं कपाट, नळाच्या मीटरची पेटी, सायकलची बास्केट. ज्या दाराच्या किल्ल्या एकाहून अधिक माणसांकडे आहेत, ते दार मात्र सगळ्यांत आधी बदला. गच्चीवरच्या खोलीला आता छर्ऱ्यांचं कुलूप आहे. जुनं आम्ही पाण्याच्या टाकीच्या झाकणाला लावलंय, आणि त्याची किल्ली तिथेच सुतळीने बांधून ठेवली आहे.